बांबूच्या भरवशावर

२ मार्च, गुरुवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू न फोडताच फेकून देशील, म्हणून पत्ता टपालातल्या बाईकडून लिहून घेतलाय. आतलं अक्षर माझंच आहे. तिसरीपर्यंतची शाळा, कोंबडीचे पाय. तरी वाच.

फोनवरून तू मला काढून टाकलंस ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि काम राहून जातं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

काम एकच आहे. येत्या ५ एप्रिलला, छिंगमिंगच्या, थडगी झाडायच्या दिवशी, आईची राख बाबांच्या मडक्याशेजारी ठेवून वर दगड बसवायचा असं तू स्मशानाच्या कचेरीत ठरवून गेलास. कोनाडा तुझ्या नावावर, सही तुझी. मी तीनदा हेलपाटा घातला. खिडकीतली बाई म्हणते, "मोउ शिहुआय यांना येऊ द्या. बहिणीच्या सांगण्यावरून आम्ही काही थांबवत नाही." तर तू थांबव. एकदा सिमेंट लागलं की ते कुणालाच फोडू देत नाहीत.

जानेवारीत, आईच्या सातव्या दिवशी, तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "सहा-सहा वर्षं बापाच्या थडग्यावरचं गवत उपटायला गेली नाहीस, आणि आता आई त्याच्याजवळ निघालीय तर आडवी पडतेस? तुला हवंय तरी काय?" वहिनी म्हणाली, "वन्सं, काहीतरी बोला ना." मी म्हटलं, "एवढ्यात नको." बस, तेवढंच बोलले. तू बॅग उचलून तुंगग्वानला कामावर निघून गेलास. आई अजून स्मशानाच्या कचेरीतल्या मधल्या फळीवर आहे, नंबर लावलेल्या डब्यात, अनोळखी लोकांच्या रांगेत. तिला बसमध्येसुद्धा अनोळखी माणसाशेजारी बसायला आवडायचं नाही.

नको का म्हटलं, ते पुढच्या पत्रात लिहीन असं ठरवलं होतं. आज बागेत पानं फार पडलीत, झाडून झाडून दंड भरून आलेत, पेन धरवत नाही.

पण पुढच्या पत्रापर्यंत मी परत गप्प बसेन. मला मी माहीत आहे. म्हणून आत्ताच लिहून टाकते.

त्या मडक्यात बाबा नाहीत.

शिबी


९ मार्च, गुरुवार

दादा,

उत्तर नाही. नसू दे. वाचलंयस हे मला माहीत आहे, कारण काल वहिनीचा फोन आला आणि ती एवढंच विचारत राहिली, "वन्सं, तुमची तब्येत बरी आहे ना? डोकं वगैरे?" डोकं ठीक आहे म्हणावं. गुडघे गेलेत.

कसं झालं ते ऐक.

बारा वर्षांपूर्वी गावाची जमीन गेली, बैलपाठ टेकडीवर बाग करायचं ठरलं. नोटीस लागली की दोन महिन्यांत आपापली थडगी हलवा. ज्याला वाली नाही ते जागच्या जागी खोल पुरलं जाईल, वर माती टाकून सपाट होईल. तुला कारखान्यातून सुट्टी नव्हती. आई तुझ्याकडे, नातू सांभाळत होती. उरले मी. मी तेव्हा हॉटपॉटच्या हॉटेलात भांडी घासत होते. तिथल्या मुकादमाने सकाळचे तीन तास दिले. तीन तासांत बाप उकरून ये, म्हणाला.

तोवर सहा वर्षं मी थडग्यावर गेले नव्हते, हे तू म्हणालास ते खरं आहे. छिंगमिंगला सगळं शहर मेलेल्यांना भेटून येतं आणि मग हॉटेलात जेवायला येतं. त्यांची भांडी कोण घासणार?

बसमध्ये होते तेव्हाच आईचा फोन आला. "सापडले का गं तुझे बाबा?" बस भरलेली, कुणाची तरी कोंबडी माझ्या पायात, आणि म्हातारी चौथ्यांदा फोन करतेय. मी म्हटलं, "सापडले, सापडले. ठेव आता." दादा, टेकडीवर पाय ठेवायच्या आधी मी तिला सापडले म्हणून सांगितलं होतं.

वर गेले तर गवत छातीएवढं. आपल्या थडग्याला दगड कधी नव्हता, तुला माहीत आहे. आपण काय लक्षात ठेवलं होतं? बांबूचं बेट. बेटाच्या उजव्या अंगाला तिसरा उंचवटा. मी बेट शोधलं, उजवीकडे तीन मोजले, म्हटलं हेच. गावात सगळेच असंच मोजायचे. कुणाच्या डोक्यात आलं नाही की बांबू चालतो. सहा वर्षांत ते बेट केवढं सरकलं असेल! खालून मुळं काढत काढत ते उताराने वर चढलं, आणि मी बापाऐवजी त्याच्यामागे गेले.

हाडं काढणाऱ्या म्हाताऱ्याने मला काळी छत्री धरायला लावली, ऊन पडू नये म्हणून. रीत तुला ठाऊक आहे. आधी पाय, डोकं सगळ्यात शेवटी, म्हणजे माणूस मडक्यात नीट बसतो. तर पहिलं हाड निघालं ते मांडीचंच. सरळ होतं. छडीसारखं सरळ.

बाबांची मांडी खाणीत मोडली होती आणि वाकडी जुळली होती. अख्खं गाव त्यांना वाकडा मोउ म्हणायचं. मी त्यांच्या पाठुंगळी बसून लंगडायला शिकले. मला कळलं नसेल?

म्हातारा म्हणाला, "ताई, हेच ना तुमचे?"

खाली यंत्र उभं होतं. दुसऱ्या दिवशी हा उतार सपाट होणार होता. तीन तासांतले दोन गेले होते. आईला सापडले म्हणून सांगून बसले होते. मी म्हटलं, "हेच. भरा."

दुसरंही निघालं एक. पितळेचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालतात ते. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ते खिशात टाकलं. त्याने लाल फडकं बांधलं आणि मडकं माझ्या हातात दिलं. हलकं होतं. बाई होती ती, दादा. कुणाची तरी आई नाहीतर सासू. बारा वर्षं तू तिच्यापुढे सिगारेट पेटवून ठेवतोयस, आणि आई तिला घोट घोट दारू पाजत होती.

आता ओरड. मला ऐकू येत नाही.

शिबी


१७ मार्च, शुक्रवार

दादा,

बाबा अजून टेकडीवरच आहेत. त्यांना वाली आला नाही, म्हणजे जागच्या जागी खोल पुरलेत. त्या जागेवर मी आठ वर्षं नोकरी करतेय आणि मला पत्ता नाही की नेमकं कुठं.

हॉटेल सोडून बागेत झाडूला लागले तेव्हा तू हसला होतास. "शहराची हवा खायला चाललीस का?" मला जवळ पडतं म्हणून, असं मी सांगितलं होतं. ते खोटं. पण आले तरी काय केलं? शोधलं नाही. भीती वाटायची की सापडेल. नुसती झाडत राहिले, वरपासून खालपर्यंत, म्हटलं कुठं ना कुठं तरी झाडू लागेलच.

आता शोधतेय. रोज पहाटे कामाआधी एक तास. बाग मोठी नाही, पण आपल्या शहरात सपाट काय असतं? सगळ्या पायऱ्या. तीनशे बारा पायऱ्या मुख्य वाटेच्या, आडवाटेच्या वेगळ्या. माणसांनी टेकडीचं असं काही करून टाकलंय की सख्खा बाप ओळखायचा नाही. जिथं आपली मक्याची शेतं होती तिथं म्हातारे पिंजरे टांगून पक्ष्यांना गायला लावतात. झऱ्याजवळ चाबकाने लोखंडी भोवरे फिरवणारे. ताक वाटावं असं दाट धुकं उतरलेलं असतं आणि त्यातून नुसता सट्-सट् आवाज. झरा आता नळातून येतो आणि त्याला कासवाचं तोंड लावलंय. तो मात्र त्याच जागी आहे, पाण्याला चव तीच, लोखंडाची. बाकी पन्नास फूट माती कुठं चढवली, कुठं कापली. बांबू तर त्यांनी मुळासकट काढला. पाहिजे तेव्हा नेमका गेला.

आणि पानं. आपली ती वडाच्या भावकीतली पिंपरीची झाडं, सगळं जग हिवाळ्यात पानं गाळतं आणि ही गाळणार वसंतात. पुढचा ढीग उचलेपर्यंत मागे परत तेवढाच. मुकादम लेइ म्हणतो, "मोउ काकू, वरच्या गच्चीवर पानं दिसतायत." मी म्हटलं, "दिसणारच. आंधळा नाहीस, एवढं बरं आहे." तिशीचा आहे तो, शिकलेला, टोपीवरचा धागासुद्धा सरळ. वाईट नाही. पण माझ्याशी भांडायला त्याचा जन्म लहान आहे.

दुसरं एक सांगायचं राहिलं. अंगुस्तानाची मालकीण कोण ते मला माहीत आहे. आठ वर्षं माहीत आहे.

पूर्वेकडच्या चौकात रोज सकाळी बायका नाचतात, लाल पंखे घेऊन. त्यांच्यात पुढच्या ओळीला थान आक्का असते. आपल्या वरच्या आळीतली, माकडकड्याखालचं घर. तिची सासू गावभर कपडे शिवायची. मी झाडायला लागले त्या पहिल्याच वर्षी आक्का मला म्हणाली, "तुला तुझा बाप तरी मिळाला. आम्ही पंधरा दिवस शोधलं, आमची म्हातारी नाहीच. त्या यंत्रवाल्यांनीच कुठंतरी फेकली असणार, मेले!" असं म्हणून तिने मला अर्धं संत्रं दिलं. मी ते खाल्लं.

प्रत्येक छिंगमिंगला ती टेकडीच्या चारी कोपऱ्यांत वाकते. कुठंतरी पोचेल म्हणते. आणि म्हातारी तिथं आपल्या कोनाड्यात, तुझ्या सिगारेटी ओढतेय.

दादा, बाबांना पुरलं तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. पेटी तू खांद्यावर नेलीस. मी अकराची, मला खाली घरात कोंडून ठेवलं होतं, माझं राशीचं अशुभ वर्ष होतं म्हणून. तुला जे आठवतं ते मला आठवू शकत नाही. झऱ्यापासून किती? कुठल्या बाजूला? डोकं कुठं, पाय कुठं? दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण त्यात दिशा असू दे.

शिबी


२५ मार्च, शनिवार

दादा,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत पत्र नाही. कारखान्याच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेलं चित्र, बस्स. झरा. झऱ्यापासून वर चाळीस पावलं. माकडकडा डाव्या हाताला. आणि पाय पलीकडच्या दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे, तिथं तू बाण काढलायस आणि बाणावर इतका जोर दिलायस की कागद फाटलाय.

एक अक्षर लिहिलं नाहीस. चालेल. पण चाळीसच्या खाली दुहेरी रेघ ओढलीस, आणि बाबांचा उंचवटा काढून त्याच्यावर गवताच्या चार काड्या काढल्यास. मी ते चित्र जेवणाच्या डब्यात ठेवते, भात लागू नये म्हणून पिशवीत.

खिंड मला ठाऊकच नव्हती. आता तिच्यापुढे पस्तीस-चाळीस मजली इमारतींची भिंत आहे. आणि पूर्ण आठवडा धुकं. बुधवारी काही नाही. गुरुवारी मी झऱ्यापासून चाळीस पावलं मोजली. मग डोक्यात आलं, तू सोळा वर्षांचा, खांद्यावर बाप, चिखल, उतार. तुझी चाळीस म्हणजे माझी किती? थान आक्काच्या नाचणाऱ्यांनी मला पाहिलं, कासवाच्या तोंडापासून पावलं टाकत वर येताना. एक म्हणाली, "मोउबाई, जमीन घेताय का बागेतली?" मी म्हटलं, "घेतलेलीच आहे. मोजून बघतेय, कुणी सरकवली तर नाही."

काल पाऊस झाला आणि आज सकाळी शहर धुतल्यासारखं. मी कामावर हजेरी लावली आणि झाडू घेऊन सरळ वर गेले. आधी वरच्या गच्चीवर. तिथून नदी दिसते, पूल दिसतात, खिंड नाही. मग मंडपाजवळ. नाही. मग उतरत उतरत आले, एकेका ठिकाणी उभी राहून मान वाकडी करत. पक्षीवाल्या म्हाताऱ्यांनी पिंजरे झाकून घेतले, मी त्यांचे पक्षी मोजतेय की काय म्हणून.

आणि मग, दादा, व्यायामाच्या लोखंडी यंत्रांच्या आणि सार्वजनिक संडासाच्या मध्ये जो रिकामा तुकडा आहे, तिथं. दोन उंच इमारती आहेत, एकीच्या डोक्यावर रुग्णालयाचं लाल चिन्ह, दुसरी अजून अर्धी. त्या दोघींच्या मधल्या फटीत, हाताच्या बोटाएवढी, खिंड. निळी. मी एक पाऊल उजवीकडे सरकले, गेली. डावीकडे सरकले, गेली. परत आले, आहे. माकडकडा डाव्या हाताला, त्याला आता दोरीचा कठडा. झऱ्यापासून माझी सत्तावन्न पावलं. तुझी चाळीस, बरोबरच असणार.

मी तिथं खाली बसले. बाजूच्या यंत्रावर एक म्हातारा पाय हलवत होता. म्हणाला, "काकू, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, माहेरी आलेय." त्याला वाटलं डोकं फिरलंय.

तो तुकडा माझ्या वाट्याचा आहे. आठ वर्षं माझाच. रोज. इतके दिवस मी त्या तुकड्यावर चिडायचे, कारण संडासाच्या बाजूने वारा येतो आणि सगळ्या बागेची पानं नेमकी तिथं येऊन साठतात. तू वर्षातून एकदा कोनाड्यावरून हात फिरवायचास. मी आठ वर्षं रोज सकाळी त्यांच्या अंगावरची पानं काढतेय, शिव्या देत देत.

त्यांना शिव्यांची सवय होती. आई कुठं गोड बोलायची.

आईवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी कोनाड्यापुढे तिने मडक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुझे बाबा इथं आणल्यापासून स्वप्नात येत नाहीत गं. रागावले असतील का?" मी म्हटलं, "म्हातारपणी झोप कमी असते, स्वप्नं कुठून पडणार?" हे मी तिला म्हटलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? ती जिवंत होती, टेकडी इथंच होती. पण मी घाईत होते. मी आयुष्यभर घाईत होते आणि कुठंच वेळेवर पोचले नाही.

दगड थांबव. अकरा दिवस आहेत.

शिबी


३० मार्च, गुरुवार

दादा,

थान आक्काला सांगितलं.

नाच संपल्यावर तिला बाकावर बसवलं आणि अंगुस्तान तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटंपालटं केलं. आतल्या बाजूला एक पोचा आहे, तिथं नख लावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, बसपासून छत्रीपर्यंत. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर उठून गेले असते.

ती म्हणाली, "म्हणजे माझी सासू तुझ्या आईच्या हातची दारू पीत होती? बारा वर्षं?"

मी म्हटलं, "हो."

"जिवंतपणी दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही ती."

"सिगारेटीपण," मी म्हटलं. "माझा दादा चांगल्यातल्या आणायचा."

ती हसायला लागली. इतकी हसली की पंखा खाली पडला. मग हसता हसता तिने माझ्या थोबाडीत मारली. जोरात. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या. ती त्यांना म्हणाली, "बसा गं. आमच्या गावातलं आहे." आणि निघून गेली.

तीन दिवस नाचायला आली नाही. आज आली. हातात छिंगमिंगच्या हिरव्या वड्या, रानभाजीच्या, डाळीचं पुरण घातलेल्या. दोन पुडे होते. एक माझ्या पुढ्यात आपटला. म्हणाली, "म्हातारीला न्यायला मुलगा गाडी घेऊन येतोय. कोनाड्यातून काढायला तुझ्या भावाची सही लागेल. त्याला सांग, माझ्या सासूला सिमेंटात चिणलंस तर मी तुंगग्वानला येऊन तुझ्या दारात नाचेन." मग म्हणाली, "आणि तुझ्या आईला कुठं ठेवणार?"

मला वाटलं होतं हे तू विचारशील. तिने विचारलं.

तर माझं म्हणणं असं. सध्या झाडं लावायचा महिना चालू आहे. मुकादम लेइच्या कागदावर नऊ पिंपऱ्या आहेत, खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणा. त्यातली एक मंडपाच्या मागे होती. सोमवारी ती खूण व्यायामाच्या यंत्रांजवळ गेली. लेइ आला, कागद बघतो, जमीन बघतो. म्हणाला, "काकू, ही खूण इथं होती का?"

मी म्हटलं, "मंडपाच्या मागे पाण्याचा नळ आहे खाली. फोडायचाय का?"

"कागदावर नळ नाही."

"कागद झाडतो का बाग? मी झाडते."

त्याने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "खोल खणू नका." मी खोल खणला. कमरेएवढा. बाबांपर्यंत पोचत नाही तो, त्यांच्यावर अजून किती माती आहे देव जाणे. पण त्यांच्या दिशेने आहे.

आईला त्यात ठेवू. कागदी पिशवीत, डबा नको. वर झाड. बागेत असं चालत नाही, मला माहीत आहे. उदबत्ती, कागद जाळणं काहीच चालत नाही, लगेच दंड आणि शिट्ट्या. पण झाडाला कोण शिट्टी मारणार?

तू थोरला आहेस. तू नको म्हणालास तर मी खड्डा बुजवेन आणि झाड नुसतंच लावेन. पण आईला त्या मडक्याशेजारी ठेवायचं नाही, एवढं तरी मान. उद्या तुला राग आला तर परवा उत्तर दे. मंगळवारी, ४ तारखेला, वरून साहेब बघायला येणार आहेत. त्याच्या आत सगळे खड्डे भरायचे असा हुकूम आहे. हे पत्र मी जलद टपालाने टाकतेय, उद्या पोचायला पाहिजे.

थोबाडीत मारली ती बाजू अजून दुखते. बरं वाटतंय.

शिबी


३ एप्रिल, सोमवार

दादा,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू पोचलास की हातात देईन, कारण समोरासमोर आपण दोघं भांडू आणि हे राहील.

दुपारी वहिनीचा संदेश आला. मी तो तीनदा वाचला, मग थान आक्काकडून वाचून घेतला, चष्मा खरं बोलतोय ना ते बघायला. "ह्यांनी कचेरीला फोन करून दगड थांबवला. सही करायला स्वतः येताहेत. म्हणताहेत, शिबीला सांग, खड्डा बुजवू देऊ नकोस. आम्ही गाडीत बसलोय, उद्या सकाळी पोचू." खाली वहिनीने स्वतःचं जोडलंय, "वन्सं, हे कालपासून जेवले नाहीत. काहीतरी तिखट करून ठेवा." नूडल्स करून ठेवते. तिरफळ भरपूर घालीन, डोळ्यांतून पाणी आलं तर त्याच्यावर ढकलता येईल.

तर मी खड्ड्याच्या काठावर बसलेय. उरलेले आठ भरून झाले. संध्याकाळी लेइ येऊन उभा राहिला. म्हणाला, "काकू, हा का राहिला?"

मी म्हटलं, "भाऊ येतोय उद्या."

"झाड लावायला?"

"हो."

त्याने वाकून खड्ड्यात बघितलं. इतका खोल का, विचारलं नाही. मग म्हणाला, "माझी आजी पलीकडच्या टेकडीवर होती. तिथं आता वाहनतळ आहे." आणि म्हणाला, "साहेब दहा वाजता येतील. सकाळी नऊपर्यंत मला काही दिसणार नाही." टोपी काढली, हातातच धरून गेला. माझ्या तोंडून त्याला कधी धन्यवाद गेला नाही, आजही गेला नाही. उद्या वरच्या गच्चीवर एक पान दिसणार नाही त्याला.

छिंगमिंगच्या गर्दीमुळे स्मशानाची कचेरी पहाटेच उघडते, आधी सही करून आईला घे, मग बागेच्या मुख्य दाराने नऊच्या आत ये. पायऱ्या तीनशे बारा आहेत, उजव्या बाजूने चढ, डावीकडच्या निसरड्या आहेत. आई जड नाही, पण मध्ये कुणाच्या हातात देऊ नकोस. दारू पाण्याच्या बाटलीत आण. सिगारेट पेटवू नकोस, नुसती ठेव, बाबा समजून घेतील, खाणीतही पेटवू द्यायचे नाहीत. पोचलास की आधी माझ्याकडे बघू नकोस. रुग्णालयाचं लाल चिन्ह शोध, त्याच्या डावीकडे बघ. धुकं नसलं तर खिंड दिसेल. धुकं असलं तर माझ्यावर विश्वास ठेव, यावेळी मी मोजलंय.

आणखी एक. पिंपरीचं तुला ठाऊकच आहे, ज्या महिन्यात लावाल त्या महिन्यात ती पानं गाळते. म्हणजे हे झाड दरवर्षी छिंगमिंगलाच सगळी पानं त्यांच्या अंगावर टाकणार. झाडायला माणूस लागेल. माझे गुडघे असेपर्यंत मी आहे, पण गुडघ्यांचा भरवसा मी आता देत नाही. तू दरवर्षी ये. मी झाडू दोन ठेवलेत.

शिबी